मिरग ते मिरग : एका आंबा बागायतदाराच्या नोंदवहीचं प्रकरण

देवगड तालुक्यातला सड्यावरचा (कातळपठारावरचा) बागायतदार. वय 52, हापूसची 120 कलमं, घरात बायको, आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. धाकटा भाऊ डोंबिवलीला. वर्षानुवर्षं तक्रार एकच: दलाल बुडवतो, हवामान साथ देत नाही, गडी वेळेवर मिळत नाहीत. तिन्ही तक्रारींत तथ्य आहे. पण हाच दलाल, हेच हवामान आणि हेच गडी शेजारच्या बागेलाही असतात, आणि तिथला हिशेब दरवर्षी इतका कोलमडत नाही. मग आपल्याच बाजूने काहीतरी होत असावं, एवढी शंका या माणसाला आली. प्रकरण तिथून सुरू होतं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हा माणूस अनेक बागांत दिसणारी वागणूक एकत्र करून रचला आहे आणि वहीतले आकडेही उदाहरणादाखल घेतले आहेत. आंब्याची माहिती आणि मानसशास्त्रातले दाखले मात्र खरे आहेत.

पहिली डायरी का फसली

पहिला प्रयत्न 1 जानेवारीला झाला. दुकानातून नवी डायरी आणली आणि रोज रात्री जेवणानंतर एक पान लिहायचं ठरलं. तीन आठवड्यांत 19 पानं झाली, मग थांबलं. पुढे ती पानं मोजून पाहिली तेव्हा 'का' ने विचारलेले प्रश्न 31 निघाले: माझंच असं का होतं, मला का कळत नाही, तो माझ्याशी असा का वागला. तारीख सोडली तर तपासता येईल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. किती कलमं, किती रुपये, कोण समोर होतं, काहीच नाही. लिहून झाल्यावर झोप उशिरा लागायची, हेही त्याच पानांत लिहिलेलं होतं.

आत्मपरीक्षण म्हणून लोक सुरुवात करतात ती बहुतेक वेळा अशी. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दाखवलं की स्वतःकडे लक्ष देण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक कुतूहलाने पाहणं, दुसरा तेच तेच उगाळणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण माणूस गप्प बसून स्वतःचा विचार करत असतो. पण दुसऱ्याचा संबंध चिंता आणि उदासीशी आहे. ओळखायची साधी खूण अशी: लिहून झाल्यावर उद्या तपासण्यासारखं काही हाती लागलं का? लागलं नसेल तर ते उगाळणं होतं.

आणि 'का' चं उत्तर मिळालं तरी ते खरं असेलच असं नाही. निस्बेट आणि विल्सन यांनी 1977 च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात एका दुकानातला प्रयोग सांगितला आहे. टेबलावर बायकांच्या पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तम जोडी निवडायला सांगितलं. सर्वांत उजवीकडची जोडी डाव्या टोकाच्या जोडीच्या तिपटीहून जास्त जणांनी निवडली. कारण विचारल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. चारही जोड्या तंतोतंत एकसारख्या होत्या, आणि 'उजवीकडे होती म्हणून' असं कुणी म्हणालं नाही. माणसं खोटं बोलत नव्हती. मनाला कारण लागतं आणि ते हाताशी असेल तिथून उचलतं. बागेत ते हवामानातून उचललं जातं, एवढाच फरक.

वही कशी आखली

दुसरा प्रयत्न मिरगाला सुरू झाला, म्हणजे मृग नक्षत्र लागल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर. आंब्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे ही निवड बरी होती. 200 पानी साधी वही घेतली आणि एका पानावर दोन नोंदी बसतील अशी आखली. पेन बॉलपेन. पावसाळ्यात कोकणातल्या घरात कागद इतका सर्द होतो की जेलची शाई पसरते आणि ऑगस्टपर्यंत निम्मी अक्षरं वाचता येत नाहीत. वही प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात वरच्या खणात.

नोंद प्रत्येक गोष्टीची करायची नाही. 5,000 रुपयांच्या वरचा किंवा 10 हून जास्त कलमांना लागू होणारा निर्णय असेल तरच, आणि दिवसाला जास्तीत जास्त एक. नोंदीत आठ रकाने: (1) तारीख, वेळ आणि जागा; (2) आधी ठरवलेलं; (3) प्रत्यक्ष केलेलं; (4) त्या वेळी सोबत कोण; (5) मन कसं होतं, एका शब्दात; (6) कारण, एका वाक्यात; (7) पुढे काय होईल याचा अंदाज आणि त्याची खात्री शंभरात किती; आणि (8) शेवटचा रकाना 'झालं काय', जो कोरा ठेवायचा. हे लिहायला चार ते सहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं लागत असतील तर कारणाच्या रकान्यात निबंध चालला आहे असं समजावं.

सगळ्यात नाजूक रकाना दुसरा. 'आधी ठरवलेलं' जर निर्णय झाल्यावर आठवून लिहिलं, तर ते हमखास केलेल्याच्या जवळ सरकतं. म्हणून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी एक वेगळं पान लिहायचं: या महिन्यात काय करायचं, किती, कधी. दुसरा रकाना भरताना त्या पानावरून उतरवून घ्यायचं, आठवणीतून नाही. त्या पानावर नसलेला निर्णय आला तर रकान्यात 'ठरलं नव्हतं' एवढंच.

नोंद त्याच रात्री. एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी चालेल, दोन दिवस उलटले तर लिहायचीच नाही, तारीख टाकून ओळ मोकळी सोडायची. मोकळ्या ओळीचाही उपयोग होतो, तो पुढे येईल. वाक्यं 'मी' ने न लिहिता 'बागवाल्याने' असं लिहायची. हे सुरुवातीला नाटकी वाटतं. पण ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगांत स्वतःचा उल्लेख नावाने किंवा तृतीयपुरुषी केल्यावर माणसं ताणाच्या प्रसंगाकडे जरा लांबून पाहू शकली. देवगडातल्या माणसाला दुसऱ्याच्या बागेतली चूक चटकन दिसते हे सांगायला प्रयोगाची गरज नाही, त्या नजरेचाच हा फायदा घेणं.

घरात वही कुणी वाचायची नाही हे बायकोला आणि मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं. वाचली जाणार अशी शंका आली की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहायला लागतो, आणि मग वहीत एक भला गृहस्थ तयार होतो, ज्याचा बागेशी काही संबंध नसतो.

तीन नोंदी

वर्षभरात 41 नोंदी झाल्या. त्यातल्या तीन पुरेशा बोलक्या आहेत.

2 ऑगस्ट, संध्याकाळी, नाक्यावरचं हॉटेल. महिन्याच्या पानावर लिहिलेलं: 80 कलमांना कल्टार (मोहोरासाठी जमिनीत घालायचं पॅक्लोब्युट्राझोल), विस्ताराच्या व्यासाच्या मीटरला 3 मिली या शिफारशीप्रमाणे, 6 मीटर विस्ताराच्या कलमाला 18 मिली. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी घातलं 25 मिली. सोबत: तीन बागायतदार. मन: शांत. कारण: 'यंदा पाऊस जास्त, औषध धुपून जाईल.' कारण ऐकायला शहाणपणाचं आहे. पण महिन्याचं पान लिहिलं त्या रविवारीही पाऊस तसाच होता, आणि तेव्हा 18 च ठरलं होतं. मधल्या काळात बदललेली गोष्ट एकच: हॉटेलातल्या टेबलावर तिघे म्हणाले, आम्ही पंचवीस घालतो. पॅक्लोब्युट्राझोल जास्त झालं की फांद्यांची पेरं आखडतात, पालवी गुच्छासारखी येते, आणि ते जमिनीत टिकून राहत असल्यामुळे भुर्दंड पुढच्या वर्षावरही जातो.

दुसरी नोंद गणपतीतली, तिसऱ्या दिवसाची, स्वतःच्या घराची पडवी. आधी ठरवलेलं: यंदा दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एक लाखाच्या वर घ्यायची नाही. केलेलं: अडीच लाख. सोबत: दर्शनाला आलेला दलालाचा माणूस, दोन चाकरमानी पाहुणे, शेजारी. कारण: 'पोराची फी.' फीची तारीख जानेवारीतली होती. ज्याने कोकणातला गणपती पाहिला आहे त्याला ती पडवी डोळ्यासमोर येईल. भजनाला माणसं जमलेली, आत मोदकांची दुसरी खेप, बाहेर नोटांची पुडकी पुढे ठेवणारा हसतमुख माणूस. त्या क्षणी 'लाखच पुरे' म्हणणं म्हणजे चार जणांसमोर स्वतःची पत कमी करून घेण्यासारखं वाटतं. उचल मोहोर येण्याच्या कितीतरी आधी घेतली जाते. मग सगळा माल त्याच दलालाच्या पेढीवर घालावा लागतो, आणि दराबद्दल तोंड उघडायला जागा राहत नाही.

तिसरी मेमधली. झाडाखाली, सकाळी सात, एकटाच. आधी ठरवलेलं: खालच्या अंगाची 30 कलमं चौदा आणे (सोळापैकी चौदा) तयार झाल्याशिवाय उतरवायची नाहीत. केलेलं: तेच, सहा दिवस थांबला. अंदाज: पाऊस लागणार नाही, खात्री 70. झालं काय: चौथ्या दिवशी वळीव लागला, बराच माल डागाळला. निकाल वाईट. पण निर्णय वाईट होता का? हाताशी असलेल्या माहितीवर 70 ची खात्री ठीक होती, आणि शंभरातल्या तीस वेळा असं होणारच. निकालावरून निर्णयाला मार्क दिले तर ही नोंद 'चूक' मध्ये जाते आणि गणपतीतली उचल, त्या वर्षी दर चढले असते तर, 'शहाणपणा' मध्ये गेली असती.

इथे सातव्या, अंदाज आणि खात्रीच्या रकान्याचं काम दिसतं. फिशहॉफ यांनी 1975 मध्ये दाखवलं की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं. मालवणीत याला तयार वाक्य आहे: "माका आदीच म्हायत होता." वहीत आकडा शाईने लिहिलेला असला की हे वाक्य तोंडातल्या तोंडात राहतं. 41 पैकी 16 नोंदींत खात्री 80 किंवा जास्त होती, त्यातल्या 9 खऱ्या ठरल्या. 12 नोंदींत खात्री 50 ते 60, त्यातल्या 7 खऱ्या. म्हणजे ठामपणे सांगितलेलं आणि चाचरत सांगितलेलं, दोन्ही साधारण सारखंच बरोबर. 'झाड बघितलं की कळतं' या वाक्याची किंमत त्या दिवशी बरीच उतरली. पीक ओळखण्यात हा माणूस कच्चा नव्हता. स्वतःची खात्री ओळखण्यात होता.

वाचन आणि पहिला चुकीचा निष्कर्ष

वर्षभर वही वाचायची नाही, फक्त शेवटचा रकाना भरायचा, असं ठरलं होतं. वाचन पुढच्या जूनमध्ये, दोन बैठकांत, प्रत्येकी दीड तास. पहिल्या बैठकीत फक्त मोजायचं, अर्थ लावायचा नाही. हा नियम पाळायला कठीण जातो, कारण तिसऱ्या पानावरच माणसाला आपण कोण आहोत ते 'कळलेलं' असतं.

इथेही तेच झालं. लहानपणापासून आई या माणसाला रागीट म्हणते. बायकोही म्हणते. त्याने स्वतःही मानलेलं: मी रागात निर्णय घेतो आणि फसतो. ठरवल्यापेक्षा वेगळं केलेल्या नोंदी 15 निघाल्या. त्यात मनाच्या रकान्यात 'राग' किती वेळा? दोनदा. 'शांत' आणि 'बरं' मिळून अकरा वेळा. म्हणजे वर्षानुवर्षं सांभाळलेली स्वतःची ओळख नोंदींत सापडतच नव्हती.

मग त्याच 15 नोंदींतली कारणं मोजली: हवामान 6, दर 4, गडी 3, दुसऱ्याचा आग्रह 2. कारणांवर विश्वास ठेवला असता तर प्रकरण हवामानावर संपलं असतं. त्याऐवजी चौथा रकाना, 'सोबत कोण', धरला. एकट्याने घेतलेले निर्णय 24, त्यात ठरवल्यापेक्षा वेगळे 4. चार माणसांत घेतलेले 17, त्यात वेगळे 11.

इतक्यावर उडी मारणं घाईचं आहे. पैशाचे व्यवहार मुळातच दुसऱ्यासमोर होतात आणि फवारणी एकट्याने ठरते. तेव्हा फरक माणसांमुळे आहे की पैशामुळे? म्हणून नोंदी पुन्हा वेगळ्या केल्या. पैशाचे निर्णय 14: माणसांत 10, त्यात 7 वेगळे, एकट्याने 4, त्यात 1 वेगळा. बाकीचे 27: माणसांत 7, त्यात 4 वेगळे, एकट्याने 20, त्यात 3 वेगळे. दोन्हीकडे कल तोच. आकडे लहान आहेत, चार नोंदींवरून कुणी शपथ घेऊ नये, पण दिशा दोन वेगळ्या ठिकाणी सारखीच आली म्हणजे पुढे तपासण्याजोगी आहे.

आणखी दोन गोष्टी मोजताना हाती लागल्या. कारणाचा रकाना जिथे एका वाक्याच्या बाहेर गेला होता, त्या नऊ नोंदींपैकी आठ ठरवल्यापेक्षा वेगळ्या वागणुकीच्या होत्या. ज्याचं समर्थन लांब, तिथे थांबून पाहावं. आणि मोकळ्या सोडलेल्या सहा ओळींपैकी चार शिमग्याच्या आणि गणपतीच्या दिवसांतल्या होत्या, म्हणजे घरात माणसं भरलेली असतानाच्या.

दुसऱ्यांना विचारणं

लुफ्ट आणि इंगहॅम यांनी 1955 मध्ये मांडलेली जोहरी खिडकी प्रशिक्षणवर्गांत फार वापरली जाते. तिचा एक कप्पा इतरांना दिसणाऱ्या पण स्वतःला न दिसणाऱ्या गोष्टींचा. तो उघडायला दुसरा माणूस लागतो. पण 'माझा स्वभाव कसा आहे, मोकळेपणाने सांग' असं विचारलं की घरात एक तर भांडण होतं नाहीतर कौतुक, आणि दोन्ही वाया. विचारायचं ते एका तारखेच्या एका प्रसंगाबद्दल: त्या दिवशी मी काय केलं असं तुला दिसलं? तिघांना वेगवेगळं विचारायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि ऐकल्यावर 24 तास खुलासा करायचा नाही. शेवटची अट सगळ्यात जड.

बायकोला गणपतीतल्या उचलीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "अहो, चार माणसांत तुमच्या तोंडातसून 'नको' येणा नाय. मगे घराक येवन माझ्यार वरडतास."

या उत्तरातलं दुसरं वाक्य वहीपेक्षा मोलाचं ठरलं. राग होता. आईने आणि बायकोने पाहिलेलं खोटं नव्हतं. पण तो निर्णयाच्या आधी नव्हता, नंतर होता. पडवीत हसून हो म्हणायचं, मग पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आवाज चढवायचा. घरच्यांना फक्त दुसरा भाग दिसायचा, म्हणून नाव पडलं रागीट. त्या नावावर विसंबून हा माणूस कितीतरी वर्षं राग आवरायचा प्रयत्न करत होता. जिथे गळती नव्हती तिथे कौल बदलणं चाललं होतं.

भावाने व्हॉट्सॲपवर लिहिलं: "दादा, गणपतीत तू पैसे घेतोस आणि मेमध्ये दलालाला शिव्या देतोस. मधलं काही बोलत नाहीस."

तिसरा माणूस, बागेत पंधरा वर्षं कामाला असलेला गडी. त्याला मालकाचा दोष विचारला तर तो सांगणार नाही, आणि त्याने का सांगावा? रोजगार मालकाच्या हातात आहे. म्हणून प्रश्न पुढच्या हंगामाचा केला: कुठल्या वेळी मला थांबवायला हवं? तो म्हणाला, "घराकडे कोण इलो की पैशाची बात करू नकात. काय ता सकाळी कलमांखाली ठरवा." तिघांनी तीन दिशांनी एकच जागा दाखवली.

पुढे काय केलं

स्वभाव बदलायचं ठरवलं नाही. 52 व्या वर्षी भिडस्त माणूस रोखठोक होत नाही, आणि त्याच भिडेमुळे गावात चार माणसं याच्या हाकेला येतात हेही खरं. त्याऐवजी निर्णयाची जागा हलवली.

पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 च्या लेखात मांडलेली रीत इथे कामी आली. 'मी ठाम राहीन' असं ठरवण्याऐवजी 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं वाक्य आधीच बांधून ठेवायचं. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलं: घरात किंवा हॉटेलात कुणी पैशाची किंवा मालाची बात काढली, तर म्हणायचं, "घराकडे इचारतंय आणि परवा सांगतंय." वाक्य मुद्दाम असं निवडलं की त्यात 'नको' नाही. ज्याला नकार जमत नाही त्याला नकाराचं वाक्य दिलं तर ते ऐनवेळी घशात अडकतं. परवा म्हणजे 48 तास, आणि उत्तर सकाळी, फोनवर. औषधाच्या मात्रेसाठी वेगळी सोय: प्रत्येक कलमाची मात्रा महिन्याच्या पानावरून चिठ्ठीवर उतरवून गड्याकडे आधीच द्यायची, म्हणजे संध्याकाळच्या चहाला ती बदलता येत नाही.

वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं का? हो, बायकोला दलाल बनवून, पाच-सहा वेळा. हसण्यासारखं आहे, पण पहिल्या दोन वेळा तिनेही अडीच लाख गळ्यात मारले.

दुसऱ्या वर्षी 38 नोंदी झाल्या. माणसांतले निर्णय 15, त्यात ठरवल्यापेक्षा वेगळे 5. शून्य नाही. उचल एक लाखावर थांबली, पण बाकीच्या खर्चासाठी पीककर्ज काढावं लागलं, त्याचे कागद, सातबारा, बँकेच्या फेऱ्या आल्या. एका पेढीने पुढे व्यवहार थंड केला. नाक्यावर 'आता मोठो शेठ झालो' असंही ऐकून घ्यावं लागलं. उत्पन्न वाढलं का, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं श्रेय वहीला द्यायचं तर त्या वर्षीची थंडी, मोहोराची वेळ, तुडतुडे, वाशीच्या बाजारातली आवक हे सगळं बाजूला काढता यायला हवं, आणि दोन हंगामांत ते निघत नाही. घरात मेमध्ये आवाज कमी चढला, एवढं बायको सांगते.

कुणी हे करू नये, निदान आत्ता

बागेचं सलग नुकसान, कर्ज, किंवा घरातला मृत्यू यातून जाणाऱ्याला ही वही देऊ नये. चुका मोजण्याची सवय त्या वेळी स्वतःला दोष देण्याकडे वळते. दोन आठवडे झोप उडाली, भूक गेली, लिहिताना तेच तेच येऊ लागलं, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर वही बंद करून माणसाशी बोलावं. तालुक्याचा डॉक्टर चालेल. 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

ज्याचे निर्णय खरोखर त्याच्या हातात नसतात, त्यालाही ही वही फारसा उपयोग देणार नाही. दुसऱ्याची बाग कराराने राखणारा गडी 'आधी ठरवलेलं' हा रकाना कुठून भरणार? त्याच्याकडून आत्मपरीक्षणाची अपेक्षा ठेवणारे मालक बरेच असतात.

दुसऱ्या वर्षीच्या त्या 5 नोंदी पुन्हा पाहिल्या तेव्हा त्यातल्या 3 माणसं समोर नसतानाच्या निघाल्या. स्पीकरवर फोन, पलीकडे दलाल आणि त्याच्यासोबत गावचेच दोघे. चौथ्या रकान्यात त्याने 'सोबत: तिघे' असं बरोबर लिहिलं होतं, पण पुठ्ठ्यावरचं वाक्य घरासाठी आणि हॉटेलासाठी बांधलेलं, फोन त्यात नव्हता. आणि 'परवा सांगतंय' चं उत्तरही फोनवरच द्यायचं ठरलेलं. तिसऱ्या वर्षीची वही मिरगाला सुरू झाली. तिच्यात चौथ्या रकान्याचे दोन भाग केले आहेत, समोर आणि फोनवर, आणि उत्तर आता बायकोच्या फोनवरून लेखी जातं.